अर्धा डॉलर, १८२७

जानेवारी २०२३. अमेरिकेत डेलावेअर नदीकाठच्या एका गावात जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले होते. मला जुनं लाकडी स्टूल हवं होतं. काउंटरवरच्या काचपेटीत पाच-सहा नाणी पडलेली होती, त्यातल्या एकावर १८२७ दिसलं आणि माझे पाय तिथेच थांबले. ज्योतिबा फुल्यांचं जन्मसाल. पुण्यात ज्योतिबा पाळण्यात असतील तेव्हा इथे फिलाडेल्फियात कुणीतरी हे नाणं पाडत होतं, एवढाच विचार डोक्यात आला आणि मी १३५ डॉलर रोख देऊन ते घेतलं. घासाघीस केली नाही, कारण किती कमी करा म्हणायचं हेच कळत नव्हतं. पावतीही मागितली नाही. पावती मागायला हवी होती.

नाणं होतं अमेरिकेचा अर्धा डॉलर. पुढच्या बाजूला टोपी घातलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्याची देवी, तिच्याभोवती तेरा चांदण्या, मागे गरुड आणि त्याखाली ‘५० सी.’ असा आकडा. रंग पावसाळी आभाळासारखा करडा, अक्षरांच्या कडेला काळसर, आणि उजेडात तिरपं धरलं की गरुडाच्या पंखाजवळ निळी-जांभळी झाक. त्या झाकेचं तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मला वाटलं, चांदी काळी पडली आहे.

२२ मार्चला पाडवा होता. आदल्या रात्री देवाची चांदी काढली: निरांजन, कुंकवाचा करंडा, छोटं ताम्हण. टूथपेस्ट आणि मऊ ब्रश घेऊन बसले. आमच्याकडे सणाच्या आदल्या दिवशी चांदी अशीच लख्ख व्हायची, आणि ते काम लहानपणापासून माझंच. हात चालूच होता, त्यात नाणंही घेतलं. दहा मिनिटांत पांढरंशुभ्र निघालं. फोटो काढून सांगलीला आईला पाठवला. “छान निघालं गं,” ती म्हणाली. मलाही छानच वाटलं होतं.

त्या दहा मिनिटांत मी काय केलं ते मेमध्ये समजलं. गावातल्या लायब्ररीच्या तळघरात महिन्यातून एकदा नाणेसंग्राहकांचा गट जमतो. मी घाबरतच गेले. सगळे साठीच्या पुढचे, एकमेकांना चाळीस वर्षं ओळखणारे. तिथल्या एका निवृत्त शिक्षकांनी माझं नाणं काठाला धरून दिव्याखाली घेतलं, हळूच एकदा फिरवलं आणि विचारलं, “हे कुणी धुतलं?” मी म्हटलं, मीच.

ते रागावले नाहीत. त्यांनी त्यांच्या पेटीतलं १८२६ चं काढलं आणि दोन्ही नाणी काळ्या मखमलीवर शेजारी ठेवली. भिंग माझ्या हातात दिलं. त्यांच्या नाण्यावर उजेड पृष्ठभागावरून सरकत होता. नाणं कललं की तोही कलायचा. माझ्या नाण्यावर उजेड नुसता पसरला होता. आणि भिंगातून दिसल्या शेकडो बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, डावीकडून उजवीकडे वर जाणाऱ्या. माझ्या हाताची दिशा. चांदीवर हवेने, कागदाने, हाताळण्याने दीडशे-दोनशे वर्षांत जी साय धरते तीच तिची कातडी, असं त्यांनी समजावलं. ती एकदा गेली की परत येत नाही. १३५ चं नाणं आता सत्तर-ऐंशीला जाईल, तेही घेणारा मिळाला तर.

पैशांचं वाईट वाटलंच. पण त्या रात्री डोळ्यांसमोर येत राहिली ती निळी-जांभळी झाक. ती मी पाहिली होती आणि पुसून टाकली होती.

तुम्ही नवीन असाल तर ही एकच गोष्ट आधी ऐका: नाणं कितीही काळं दिसो, त्याला काहीही लावू नका. पाणीसुद्धा नाही, रुमालसुद्धा नाही. धरायचं ते फक्त काठाला, खाली मऊ कापड ठेवून.

पावती नव्हती, म्हणून आता दुसरी शंका आली. नाणं खरं तरी आहे का? या अर्ध्या डॉलरची खोटी नाणी त्याच काळातही पाडली जायची, आणि आजही परदेशातून नकलांचे ढीग येतात. इथे १९७३ पासूनचा कायदा आहे की नकली नाण्यावर ‘कॉपी’ असं कोरलेलं हवं. फसवणाऱ्याला कायद्याचं काय!

तपासणी स्वयंपाकघरात होते. २० डॉलरचा छोटा तराजू घेतला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा. मूळ वजन १३.४८ ग्रॅम असायला हवं. माझं भरलं १३.२१, म्हणजे झीज धरून ठीक. (आपल्या राणीछाप रुपयाचं वजन एक तोळा, ११.६६ ग्रॅम. हे त्याच्याहून जड, तळहातावर फरक जाणवतो.) मग तराजूवर पाण्याची वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला, आणि नाण्याला शिवणाचा दोरा बांधून ते तळाला न टेकवता पाण्यात लोंबतं सोडलं. तराजूने १.२८ दाखवलं. १३.२१ भागिले १.२८ म्हणजे १०.३. त्या काळच्या नाण्यात ८९.२४ टक्के चांदी आणि बाकी तांबं, त्याची घनता बरोबर एवढीच येते. ही परीक्षा फक्त आधीच धुतलेल्या नाण्यावर करा; चांगल्या नाण्याचं फक्त वजन करा आणि त्याला लोहचुंबक लावून बघा. चांदी चुंबकाला चिकटत नाही.

नाणं खरं निघालं तेव्हा मी एकटीच ओट्याशी उभी होते, आणि खूप आनंद झाला.

मग वाचायला लागले. १७९२ च्या कायद्याने फिलाडेल्फियात टाकसाळ उभी राहिली. चांदीचा पहिला डॉलर १७९४ चा. १५ ऑक्टोबरला १,७५८ डॉलर टाकसाळीतून बाहेर पडले, बस्स. पुढे १८०४ मध्ये डॉलर पाडणंच थांबलं, कारण पाडलेले डॉलर देशात राहतच नव्हते, व्यापाराबरोबर बाहेर जात होते. त्यामुळे अर्धा डॉलर हेच देशातलं सगळ्यात मोठं चांदीचं नाणं उरलं. बाजारात रोजच्या व्यवहाराला स्पॅनिश नाणी चालायची, ती तर १८५७ पर्यंत कायदेशीर होती. अर्धे डॉलर थैल्यांत भरून एका बँकेच्या तिजोरीतून दुसऱ्या बँकेच्या तिजोरीत फिरायचे. म्हणून ते इतके टिकले, म्हणूनच माझ्यासारखीला परवडतात. १७९४ चा एक डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला; १८२७ चे अर्धे डॉलर चौपन्न लाखांहून जास्त पाडले गेले होते.

वाचताना एक धागा मुंबईचा निघाला. १८०४ साल असलेले पहिले डॉलर प्रत्यक्षात १८३४ मध्ये पाडले गेले, परदेशी राजांना नजराणा म्हणून. मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांच्यासाठी ते घेऊन ‘पीकॉक’ हे जहाज निघालं, अरबी समुद्रात खडकाळ उथळावर रुतलं, आणि १८३५ च्या अखेरीस दुरुस्तीसाठी मुंबईच्या गोदीत आलं. सयामचा नजराणा तेव्हा पोचायचा होता. आज जगात त्या सालाचे सगळे मिळून मोजकेच डॉलर माहीत आहेत. त्यातला एक माझगाव-कुलाब्याच्या हवेत काही आठवडे राहून गेला असणार, या विचाराने मी बराच वेळ हातातलं पान उलटलंच नाही.

जून-जुलै गेला ठसा ओळखण्यात, म्हणजे ज्या साच्याने नाण्यावर चित्र उमटवलं तो नेमका कोणता ते शोधण्यात. हा भाग जरा सविस्तर सांगते, कारण याच ठिकाणी मला खरी गोडी लागली. त्या काळी ठसे हाताने तयार व्हायचे. चेहरा आणि गरुड एका मोठ्या पंचाने उठवायचे, पण चांदण्या, आकडे, अक्षरं एकेक करून ठोकायची. त्यामुळे कुठल्याच दोन ठशांत चांदण्यांची जागा तंतोतंत जुळत नाही. ठसा तडकला की बदलायचा. पुढचा एक, मागचा दुसरा अशा नव्या जोड्या व्हायच्या. एकट्या १८२७ सालाच्या अशा ४९ जोड्या नोंदलेल्या आहेत. अल ओव्हर्टन या संग्राहकाने त्यांना क्रमांक दिले, आणि आजही सगळे ‘ओ’ लावून तेच क्रमांक बोलतात. किती नाणी उरली त्यावरून दुर्मिळता ठरते: आर-१ म्हणजे हजाराहून जास्त, आर-७ म्हणजे चार ते बारा.

४९ म्हटल्यावर छाती दडपते, पण चाळत गेलं की गर्दी कमी होते. आधी सालातला ‘२’ बघायचा. त्याचा पाया बाकदार असेल तर दोनच जोड्या. माझा सरळ. मग ७ च्या आत ६ ची रेषा डोकावते का? नाही. मग मागच्या बाजूला, गरुडाच्या डोक्यावरच्या पट्टीची टोकं ‘युनायटेड स्टेट्स’च्या कोणत्या अक्षराखाली येतात ते. रोज रात्री पोरीला झोपवल्यावर अर्धा तास, दहापटीचं भिंग आणि टेबललॅम्प. तीन आठवडे लागले. शेवटी पहिल्या चांदणीचं टोक काठालगतच्या नक्षीतल्या कोणत्या दात्याकडे बघतंय, यावर निकाल लागला. जोडी निघाली अगदी सहज मिळणारी, आर-१. मला काही फरक पडला नाही. हे नाणं पाडणारे ते दोन पोलादी ठसे नेमके कोणते, ते मला आता माहीत होतं.

आणि काठ बघा, विसरू नका! या नाण्याच्या काठावर रेघा नसतात, ‘फिफ्टी सेंट्स ऑर हाफ अ डॉलर’ अशी अक्षरं असतात. कोरी चकती दोन पट्ट्यांमधून लोळवत ती उमटवायचे, मग ठशाखाली ठेवायचे. १८३६ मध्ये वाफेचं यंत्र आलं आणि काठावरची अक्षरं गेली.

ऑगस्टमध्ये जॉन राइश कलेक्टर्स सोसायटीची सभासद झाले. राइश म्हणजे १८०७ मध्ये ही टोपीवाली लिबर्टी कोरणारा जर्मन कारागीर. संस्था १९८४ पासून चालते आहे. प्रश्न विचारला तर माणसं मनापासून उत्तर देतात.

नोव्हेंबर २०२३ मध्ये बाल्टिमोरच्या मोठ्या प्रदर्शनाला गेले. शेकडो टेबलं. पहिले दोन तास मी काहीच घेतलं नाही, हे ठरवून केलं. नुसती नाणी मागून बघितली, ठेवली, आभार मानले. कुणी तोंड वाकडं केलं नाही. दुपारी दोन नाणी घेतली: १८३१ चं १६५ ला, १८३४ चं २४० ला. पहिलं राखाडी, कडेला सोनेरी. दुसरं विक्रेत्याने ‘जवळजवळ न वापरलेलं’ म्हणून सांगितलं आणि मी मान डोलावली. या वेळी दोन्हींच्या पावत्या घेतल्या.

एक सांगायचं राहिलं. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका. त्या प्लास्टिकचा हिरवा चिकटा चांदीवर बसतो. मायलार नावाच्या प्लास्टिकची कडक पाकिटं घ्या. जरा महाग पडतात, पण घ्याच.

डिसेंबरात सांगलीला गेले तेव्हा भिंग बरोबर होतं. आईच्या देवघरातल्या डबीत पाच राणीछाप रुपये आहेत, तिच्या सासूबाईंकडून आलेले. दर लक्ष्मीपूजनाला ते निघतात, घासले जातात, हळदकुंकू लागतं, परत डबीत. मी एक भिंगाखाली धरला. राणीचा गाल तुळतुळीत झालाय, केसांच्या बटा गेल्यात, आणि सगळीकडे त्याच बारीक रेघा, वेगवेगळ्या दिशांच्या. आजीचा हात, आईचा हात, लहानपणचा माझाही. ते रुपये घासू नकोस असं मी आईला सांगितलं नाही. ते संग्रहातले नाहीत, पूजेतले आहेत. आई म्हणाली, “दोन घेऊन जा तिकडे, तुला आवड आहे तर.” मी नको म्हटलं. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं १९७२ च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरतं, ते आपल्याला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत हे माहीतच नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिन्ही नाणी प्रमाणपत्रासाठी पाठवायचं ठरवलं. इथे १९८६-८७ पासून दोन मोठ्या कंपन्या आहेत. त्या नाणं तपासतात, १ ते ७० मध्ये प्रत ठरवतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून परत पाठवतात. त्यांतली एक निवडली. धुतलेलं १८२७ पाठवू नका, असं शिक्षक म्हणाले होते. मी पाठवलं. मला ते कागदावर वाचायचं होतं.

अर्ज भरायला एक संध्याकाळ गेली. प्रत्येक नाण्याला वेगळी ओळ. साल, किंमत, आणि ठशाचा क्रमांक हवा असेल तर त्याची वेगळी फी. स्वतः ठरवलेली किंमत लिहायची असते, त्यावर विमा आणि फीची पायरी अवलंबून, त्यामुळे फुगवून लिहू नका. खर्च असा झाला: वर्षाचं सभासदत्व सुमारे ७०, तीन नाण्यांची तपासणी १२०, हाताळणी १०, परतीचं टपाल आणि विमा ३२, जातानाचं रजिस्टर्ड टपाल २६. एकूण २५८ डॉलर. बाल्टिमोरच्या एका नाण्याहून जास्त! स्वस्त नाण्यांना हे परवडत नाही, हे आधीच समजून घ्या.

शुक्रवारी १६ तारखेला पुडकं घेऊन टपाल कचेरीत गेले आणि ते परत मिळालं. मी खोक्याला चारही बाजूंनी चकचकीत प्लास्टिकची टेप लावली होती. रजिस्टर्ड टपालात प्रत्येक सांध्यावर शिक्का मारतात आणि शाई प्लास्टिकवर बसत नाही. पाण्याने चिकटणारी खाकी कागदी टेपच लागते. काउंटरवरच्या बाईंनी हे शांतपणे सांगितलं, मागे बारा माणसं उभी असताना. घरी आले, खोकं सोललं, टेप शोधली. सोमवारी प्रेसिडेंट्स डेची सुट्टी. मंगळवारी २० तारखेला पुडकं गेलं, बाईंनी तेरा शिक्के मारले, मी मोजले.

मग वाट बघणं. रजिस्टर्ड टपाल प्रत्येक हातबदलाला सही घेत जातं, म्हणून ते सुरक्षित आणि म्हणूनच संथ. नऊ दिवसांनी पोचलं. कंपनीच्या पानावर ‘मिळालं’ असा शब्द आला आणि तो सहा आठवडे तसाच राहिला. रोज बघू नका असं सगळे सांगतात. मी रोज बघितलं. एप्रिलच्या मध्यावर न राहवून फोन केला. रांग आहे, एवढंच उत्तर मिळालं.

२ मे रोजी निकाल आला, ९ तारखेला डब्या. १८३१ ला ४५, म्हणजे मी कागदावर लिहून ठेवला होता तोच आकडा. १८३४ ला ४०. विक्रेत्याने सांगितलं त्याच्या दोन पायऱ्या खाली, आणि मी साठेक डॉलर जास्त दिले होते. परत बारकाईने बघितलं तेव्हा चूक सापडली. या नाण्यांत पट्टीवरची अक्षरं आणि पंखाचा वरचा भाग अनेकदा मुळातच नीट उठलेला नसतो. तो फिकेपणा विक्रेत्याने मला ‘मुळातलाच’ म्हणून दाखवला, पण लिबर्टीच्या कानावरच्या बटा आणि गालही सपाट होते, आणि ती झीज होती. आधी गाल बघायचा, मग पट्टी. आता माझी नजर आपोआप तिकडे जाते.

१८२७ च्या डबीवर आकडाच नाही. ‘साफ केलेलं’ एवढंच छापून आलं.

त्याच महिन्यात आई सहा महिन्यांसाठी आली. जुलैत एका शुक्रवारी रजा काढून तिला आणि लेकीला फिलाडेल्फियाला नेलं. आजची टाकसाळ बघायला तिकीट लागत नाही. तिथे पीटर नावाचा गरुड पेंढा भरून ठेवलाय. १८३० च्या सुमारास तो टाकसाळीतच राहायचा. लेक त्याच्यापुढून हलेना. मग दोन-तीन चौक चालून सातव्या रस्त्यावर गेलो, जिथे पहिली टाकसाळ होती. आता तिथे सरकारी इमारत आहे. १८२७ मध्ये याच जागी माणसं स्क्रूच्या यंत्राचा दांडा दोन्ही बाजूंनी ओढून एकेक नाणं पाडत होती, वाफ यायची होती. मी आईला सांगितलं, तुझ्या लेकीने घासलं ते इथलं. तिने वाकून फुटपाथला हात लावला.

सप्टेंबरात मी १८२७ डबीतून बाहेर काढलं. डबीला जाड कापडात गुंडाळून पकडीने कडा मोडायच्या. काच उडाल्यासारखे तुकडे उडतात, डोळ्याला चष्मा हवा. त्या डबीने नाण्याचं काही राखलं जात नव्हतं.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आईने ताम्हणात तांदूळ पसरले आणि विचारलं, “नाणं?” मी ते तिच्या हातात दिलं. तिने तळहातावर तोललं. “रुपयापेक्षा जड आहे गं.” मग पदराने पुसलं, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, आणि लिबर्टीच्या कपाळाला कुंकू लावलं.